भोये गुरुजींची रिकामी कॅसेट

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचणीचं पीठ चाळत होते. पलीकडून भोये गुरुजींचा मेहुणा बोलत होता. साखरशेतला, त्यांच्या गावी, घरामागच्या चढावर जाऊन उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज येते, आणि वारा असला की तीही धड नाही. "बाई, गुरुजी सकाळी..." एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. मी परत लावून पाहिला, लागला नाही. पण त्या माणसाचा आवाज असा काही पडला होता, की पुढचं सांगायची गरजच नव्हती. पहाटे छातीत कळ आली, गावातली जीप नेमकी बाहेर गेलेली, दुसरी येईपर्यंत वेळ गेला, आणि जव्हारला पोचायच्या आतच संपलं... हे सगळं नंतर कळलं. आमच्या भागातल्या निम्म्या मरणांची हकिगत हीच असते, माणसं तेवढी बदलतात. मला रडू आलं नाही. आधी दमल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर एका फळ्यावर खडू झिजवला, तो माणूस गेला, आणि आता कपडे बदलून, जीप शोधून तिकडे जायचं आहे, एवढंच मनात येत राहिलं. चाळणी हातात तशीच होती.

मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शिमगा जवळ आलेला. अंगणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, गोळा केलेल्या पाल्याचे भारे रचून ठेवलेले होते. वहिनी दाराशी बसल्या होत्या. "काल संध्याकाळपरत पाला वाहत होते," त्या म्हणाल्या, आणि भाऱ्यांकडेच बघत राहिल्या. नोकरीची अजून काही वर्षं बाकी होती, तरी शाळेच्या सुट्टीत हा माणूस शेतातच असायचा. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

भोये गुरुजी मला पहिल्यांदा भेटले ते नव्वदच्या सुमारास. मी संगमनेरकडची. डी.एड. झाले, नेमणूक मोखाडा तालुक्यात निघाली, आणि घरच्यांनी "वर्षभरात बदली करून घेऊ" असं म्हणून मला गाडीत बसवून दिलं. ते वर्ष अजून संपायचं आहे. मी मोखाड्यात खोली घेतली आणि रोज थोडी जीपनं, थोडी पायी, अशी पाड्यावरच्या शाळेत जायला लागले. शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओटा. चार वर्ग, दोन शिक्षक. खोलीच्या मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावून तिचे दोन भाग केलेले. कपाटाच्या अलीकडे माझी पहिली-दुसरी, पलीकडे गुरुजींची तिसरी-चौथी. मी इकडे पाढे म्हणून घ्यायला लागले की तिकडची मुलंही त्यात सूर मिसळायची, आणि गुरुजी कपाटावरून डोकं काढून म्हणायचे, "बाई, जरा हळू, आमची चौथी परत दुसरीत चाललीय."

मला शिकवायची घाई फार. प्रश्न विचारायचा, उत्तर आलं नाही की दुसऱ्याला, तिसऱ्याला, आणि शेवटी आपणच सांगून मोकळं व्हायचं. माझं मराठी मुलांना रेडिओसारखं वाटत असणार. घरात ती वेगळंच बोलायची. मी विचारलेलं आधी मनात घरच्या बोलीत न्यायचं, तिथे उत्तर शोधायचं, मग ते माझ्या भाषेत आणायचं... एवढा फेरा मारून पोर तोंड उघडेपर्यंत मी पुढच्या पानावर गेलेली असायची. गुरुजी त्याच भागातले, कोकणा आदिवासी घरातले. त्यांना हा फेरा ठाऊक होता, कारण लहानपणी तो त्यांनी स्वतः मारला होता. ते प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचे. नुसते गप्प. हाताची घडी नाही, भुवया वर नाहीत, "हं, सांग" नाही. इतके गप्प, की पलीकडे माझा जीव टांगणीला लागायचा आणि वाटायचं, जाऊन आपणच उत्तर देऊन यावं.

मग शाळेत टेपरेकॉर्डर आला. तेव्हा आनंददायी शिक्षण, बालकेंद्री शिक्षण असे शब्द नव्यानं आले होते. प्रशिक्षणात आम्हाला गोल बसवून टाळ्या वाजवायला लावायचे आणि शेवटी पुरीभाजी असायची. त्याच लाटेत कुठल्याशा योजनेतून शाळाशाळांना टेप मिळाले. बरोबर कवितांच्या कॅसेटी. त्यातली बाई इतक्या गोड आवाजात गायची की आमच्या मुलांना ती आजारी आहे असं वाटायचं. बहुतेक शाळांमधले टेप आले त्याच खोक्यात कपाटावर गेले, काही मुख्याध्यापकांच्या घरी 'सुरक्षित' राहिले. भोये गुरुजींनी आमचा टेप बाहेर काढला आणि सरळ मुलांच्या हातात दिला. मी म्हटलं, "गुरुजी, सरकारी वस्तू आहे, मोडला तर?" ते म्हणाले, "मोडला तर मोडल्याचं लिहू. वापरला नाही तर काय लिहायचं?"

शाळेत वीज नव्हती. टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की मुलं ते ओट्यावर उन्हात मांडून ठेवायची. ऊन लागलं की त्यांच्यात थोडी धुगधुगी यायची. उतरत्या सेलवर गुरुजींचा आवाज जाड आणि लांबडा होऊन यायचा, आणि पोरं खिदळायची, "गुरुजी पिऊन आलं." गुरुजीही हसायचे. पण हे सगळं गंमत म्हणून नव्हतं. मी रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग त्यांच्या एकट्यावर पडायचे. त्यांनी चौथीसाठी स्वतःच्या आवाजात गणितं, शब्द, गोष्टींवरचे प्रश्न टेप केले. चौथीची मुलं ओट्यावर टेपभोवती बसायची, बटण त्यांच्याच हातात. समजलं नाही तर मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं, आपसात भांडायचं. तेवढ्यात गुरुजी आत पहिलीच्या मुलांना मांडीशी घेऊन बसायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मास्तरांनी यंत्राला कामाला लावलं आणि स्वतः बसले आरामात. तसं गावात आणि तालुक्याला बोललंही गेलं.

त्या टेपची एक खोड होती. गुरुजी प्रश्न सांगायचे आणि पुढे कितीतरी वेळ काहीच नाही. नुसती सरसर. मग पुढचा प्रश्न, की पुन्हा सरसर. हे त्यांना सुचलं एका म्हाताऱ्याकडून. पाड्यावरच्या एका आजोबांना त्यांनी गोष्ट टेप करायला शाळेत आणलं होतं. आजोबा टेपसमोर बसले आणि बोलेचनात. का, तर हुंकार द्यायला कोणी नव्हतं. त्यांच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यासमोर एक जण 'हां' म्हणायला बसतो. सांगणारा एक वाक्य बोलून थांबतो, समोरचा 'हां' म्हणतो, मगच गोष्ट पुढे सरकते. हां म्हणणारा पेंगला की गोष्ट तिथेच उभी. शेवटी चौथीतल्या एका मुलीला हुंकाराला बसवलं, तेव्हा कुठे त्या गोष्टीतला वाघ जागचा हलला. त्या दिवसापासून गुरुजींच्या टेपमध्ये थांबायची जागा आली. मी एकदा वैतागून म्हटलं, "निम्मी कॅसेट वाया घालवताय." तर म्हणाले, "वाया कुठे? ती त्यांची आहे."

हुंकाराला बसलेली ती मुलगी बुधी. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय गुरुजींबद्दल काही सांगता येत नाही, निदान मला तरी. बुधीच्या घरी जमीन नव्हती. दिवाळी झाली की आईबाप, धाकटी भावंडं, सगळं बिऱ्हाड भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं. मध्ये शिमग्याला चार दिवस यायचं, की परत भट्टी, ते थेट पावसाच्या तोंडावर घरी. पाड्यावरची अशी बरीच मुलं दिवाळीनंतर शाळेतून नाहीशी व्हायची, आणि जूनमध्ये ती येत तेव्हा वर्ष गेलेलं असे. बुधी चौथीत होती. चौथी पास झाली तर ती आश्रमशाळेत पाचवीला जाणार होती. तिथे राहायची, जेवायची सोय. म्हणजे दिवाळीनंतर भट्टीवर जायचं कारण नाही. नापास झाली तर पुन्हा भट्टी, आणि एकदा पोरगी भाकरी थापायच्या वयाची झाली की मग तिला कोण सोडतो? हे तिला स्वतःलाही समजत होतं. "बाई, मना आश्रमशाळेत जायाचा," असं तिनं मला एकदा झाडलोट करता करता सांगितलं होतं. एरवी ती फार बोलणारी नव्हती.

बुधीचा मामा, लखमा, नाचगाण्यातला. त्यानं भट्टीच्या कमाईतून एक टेप घेतलेला होता आणि तो कुठेही त्याच्या बिऱ्हाडाबरोबर असायचा. गुरुजींनी हे हेरलं. दिवाळीनंतर बिऱ्हाडं निघाली त्या दिवशी ते जीपपाशी गेले आणि बुधीच्या हातात कॅसेटी ठेवल्या. गणिताच्या, भाषेच्या. लखमाला सांगितलं, दिवसातून एकदा, त्याची गाणी वाजवून झाल्यावर, पोरांना ही वाजवू दे. लखमा म्हणाला, "वाजवीन की. पण गुरुजी, तुमी नीट गावा." जीपमधली सगळी हसली. मला मनातून वाटलं, त्या कॅसेटींवर आठवड्याभरात लग्नाची गाणी भरली जाणार.

शिमग्याला बिऱ्हाडं आली. बुधी दुसऱ्याच दिवशी शाळेत आली, अंगावर भट्टीची लाल धूळ तशीच, आणि कॅसेटी तिनं गुरुजींपुढे ठेवल्या. गुरुजींनी एक टेपमध्ये घातली. आधी त्यांचा आवाज, प्रश्न. आणि पुढे जिथे नुसती सरसर असायची, तिथे बुधीचं उत्तर. गुरुजींनी असं काही सांगितलेलंच नव्हतं. मुलांनी ऐकावं, तोंडानं म्हणावं, पाटीवर लिहावं, एवढीच त्यांची कल्पना. पण बुधीला वाटलं, गुरुजींनी जागा सोडलीय म्हणजे ती भरून आणायची. तिनं मामाकडून बटणं शिकून घेतली आणि प्रत्येक जागा भरली. मागे भट्टीवरचा गलका, कुत्री, कोणाचं तरी रडणारं मूल, आणि मधोमध ही उत्तरं. काही चुकलेली, पण थोडीच. गुरुजी ऐकत होते. त्यांनी डोळे पुसले आणि लपवलं नाही. असे आनंदाचे प्रसंग माझ्या नोकरीत फार आले नाहीत. त्या दिवशी मीसुद्धा त्या यंत्राला पहिल्यांदा मान दिला.

फक्त एक गोष्ट झाली होती. बुधी घाई करून आवाज भरायचं बटण लवकर दाबायची. त्यामुळे गुरुजींच्या काही प्रश्नांची शेपटं तिच्या आवाजाखाली पुसली गेली होती. 'एका टोपलीत' ऐकू यायचं, आणि एकदम उत्तरच. गुरुजींनी तिला जवळ बसवलं आणि हळूच सांगितलं, "माझा बोलून होऊ दे, मंग तू. मी बोलत असताना तू बोललीस तर माझा पुसून जातो." बुधीनं मान हलवली. ती नव्या कॅसेटी घेऊन परत भट्टीवर गेली आणि परीक्षेच्या आधी आजीकडे राहायला आली, तेव्हा त्या कॅसेटींमध्ये गुरुजींचा एक शब्दही पुसलेला नव्हता.

आता खरा प्रश्न होता तो हजेरीचा. बुधीची हजेरी फारच कमी भरत होती. तिला वर चढवायचं तर तालुक्याहून कोणीतरी येऊन तपासावं लागेल असं ठरलं. त्याप्रमाणे एप्रिलमध्ये एक साहेब आले. स्वभावानं वाईट नव्हते. उन्हातून आले होते, अजून दोन शाळा करायच्या होत्या, जीपवाला घाईला आला होता. गुरुजींनी साहेबांसाठी टेप मांडला. आदल्या दिवशी बाजारातून त्यांनी मुद्दाम कोरे सेल आणले होते. साहेबांसमोर आवाज जाड यायला नको, एवढाच हेतू.

साहेबांनी आधी शाळेतली एक कॅसेट लावली. प्रश्न, आणि पुढे सरसर. त्यांनी पुढे पळवली. पुन्हा प्रश्न, पुन्हा सरसर. "गुरुजी, ही तर रिकामीच आहे की," ते म्हणाले. "भरून का नाही घेतली?" गुरुजींनी सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी मान डोलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग गुरुजींनी भट्टीवरून आलेली कॅसेट लावली. त्यांचा स्वतःचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला आणि नंतर बुधीचं उत्तर आलं ते चिमणी चिवचिवावी तसं. बारीक, भराभर, काहीच समजू नये असं. मुलं हसली. साहेबही हसले. गुरुजींना क्षणभर उलगडेना. त्यांनी ही कॅसेट ऐकली होती ती शाळेच्या जुन्या, उतरलेल्या सेलवर. लखमाच्या टेपचे सेलही तसेच उतरलेले. मंद चालणाऱ्या टेपवर भरलेला आवाज मंद टेपवरच सरळ ऐकू येतो. कोऱ्या सेलवर तोच आवाज पळत सुटला. गुरुजी कपाटापाशी जाऊन जुने सेल शोधायला लागले. "राहू द्या हो," साहेब म्हणाले, "मुलीलाच बोलवा. तिला येत असेल तर ती सांगेलच."

बुधी पुढे आली. तिनं अडखळत का होईना, धडा वाचून दाखवला. मग गणित. साहेबांनी आपुलकीनं विचारलं, "भट्टीवर जातेस ना? मग विटांचंच विचारतो. एका रांगेत पंधरा विटा, अशा आठ रांगा. तर एकूण विटा किती?" बुधी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "पंधरा आठे किती?" साहेब म्हणाले. "येतंय तुला, घाबरू नको. हं, सांग. एका रांगेच्या पंधरा, दोन रांगांच्या तीस, पुढे? बोल, बोल... चुकलं तरी चालेल." बुधी बघत होती. गुरुजी म्हणाले, "साहेब, जरा थांबा." साहेब म्हणाले, "थांबलोच आहे की. किती थांबू?" आणि पुन्हा तिच्याकडे वळले, पुन्हा तोच प्रश्न सोपा करून, तोडून, गोड आवाजात. खरं तर ते चांगले शिक्षक असणार. त्यांनी तिला मदत करायची एकही संधी सोडली नाही. बुधी एक शब्द बोलली नाही. शेवटी ते म्हणाले, "अजून एक वर्ष राहू दे. तिच्याच भल्याचं आहे." आणि जीप गेली.

गुरुजींनी तिला काहीच विचारलं नाही. पोर आधीच मेटाकुटीला आलीय, त्यात मी 'का बोलली नाहीस' विचारलं तर तिला ते रागावणं वाटेल, असं म्हणाले. तिला घरापर्यंत सोडून आले. तिची आई शिमगा करून परत भट्टीवर गेलेली होती. जूनमध्ये ती भेटली तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली, "आजून एक वरीस? मंग भट्टीवर पोरां कोण सांभाळल?" बुधी दिवाळीपर्यंत शाळेत आली, सगळ्यांच्या मागे बसायची, आणि दिवाळीनंतर गेली. गुरुजींनी याही खेपेला कॅसेटी दिल्या. शिमग्याला त्या परत आल्या त्या बुधीच्या भावाकडून. लखमाचा टेप बिघडला होता, का विकला होता, कोणास ठाऊक. दुपारी शाळा सुटल्यावर गुरुजी ओट्यावर बसले आणि त्यांनी त्यातली एक कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. स्वतःचेच प्रश्न आणि पुढची सरसर. मी म्हटलं, "गुरुजी, काय ऐकताय? काही नाहीये त्यात." त्यांनी टेप बंद केला नाही. मीही मग पर्स खाली ठेवली आणि बसले. बुधी त्यानंतर शाळेत आली नाही.

गुरुजींनी सोडलं मात्र नाही. पुढे कितीतरी वर्षं दिवाळीनंतर त्यांच्या कॅसेटी भट्ट्यांवर जात राहिल्या. काही परत आल्या, काहींवर गाणी भरून आली, आणि दोन-तीन मुलं खरंच त्या बळावर पाचवीला गेली. त्यांची नावं गुरुजी कधी सांगत नसत. विषय निघाला की बुधीचाच निघायचा आणि शेवटी ते एकच म्हणायचे, "बाई, कोरे सेल घालायला नको होते." मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. एकदा तर मी तोडून बोललेही, "गुरुजी, सेलांचं काय घेऊन बसलात? पोर घाबरली, संपलं." ते हसले. पण पुढच्या वेळी पुन्हा सेल होतेच.

नंतर त्यांची मोखाड्याच्या मोठ्या शाळेत बदली झाली, माझी जव्हारला. मोठ्या शाळेत तोवर संगणक आला होता. त्याच्यावर वेलबुट्टीचं कापड, खोलीला कुलूप, आणि दसऱ्याला झेंडूचा हार. गुरुजींनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून किल्ली मिळवली. तिघातिघांना ते एकदम बसवायचे आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभे राहायचे. माउसला हात लावायचे नाहीत. वीज गेली की मुलं 'ओऽऽ' करायची आणि गुरुजी म्हणायचे, "बरं झालं, आता बोलू." असं एका तासाला दोनदा तरी व्हायचं. मी कधी गेले तर ते फार थकलेले दिसायचे. प्रशिक्षणं, गणना, निवडणूक, पोलिओ, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात शाळा. "दमलात का?" मी विचारायची. "दमलोय," ते सरळ सांगायचे. आमच्या पेशात हे कोणी सरळ सांगत नाही.

शिमगा झाला आणि मोखाड्याच्या शाळेत शोकसभा झाली. बाजाराचा दिवस होता. बाहेर जीपवाल्यांची हाकाटी चालू होती. व्यासपीठावर बरेच जण बोलले. भोये गुरुजी हे तालुक्यातल्या तंत्रज्ञानाच्या वापराचे आद्य प्रवर्तक होते, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं त्यांच्या कॅसेटींचा उल्लेख केला, कॅसेटी कशा होत्या ते त्याला माहीत नव्हतं. मला राग आला नाही, नुसती मरगळ आली. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. ती दोन मिनिटं अध्यक्षांनी बरीच आधी आटोपली. मग सगळे चहाकडे वळले आणि मी ओट्यावर येऊन बसले.

ओट्याच्या कडेला एक बाई उभी होती. कडेवर लहान मूल, पायाशी बाजाराची पिशवी. "बाई, वळखला का?" तिनं विचारलं. मी ओळखलं नव्हतं. "मी बुधी." शिमग्याला माहेरी आली होती, बाजारात गुरुजींचं कळलं, म्हणून सभा चालू असताना दारापर्यंत येऊन थांबली होती. आत यायचा तिला धीर झाला नाही. अजून भट्टीवरच जाते, म्हणाली. नवरा बरा आहे. मी तिला शेजारी बसवलं. आणि इतकी वर्षं डोक्यात असलेलं तोंडातून निघून गेलं. "बुधी, तुला त्या दिवशी येत होतं ना गं? मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

बुधी मुलाच्या तोंडावरची माशी वारत राहिली. जीपवाला ओरडत होता. मी वाट पाहिली.

"मना येत होता," ती म्हणाली. "साहेब गप होतील, मंग सांगायचा, म्हणून थांबले. पण साहेब गपच नाय झाले. बोलतच होते." मग तिनं, मला हे समजत नसेल असं वाटून, नीट समजावून सांगितलं. "मधी बोलला तर त्यांचा पुसून जातो ना. गुरुजींनीच सांगला होता."

"गुरुजींना हे सांगितलंस का कधी?"

"नाय. त्यांनी इचारलाच नाय."

म्हणजे कारण वेगळंच होतं. सेल नव्हते. घाबरणं नव्हतं. गुरुजींनीच तिला थांबायला शिकवलं होतं आणि ती थांबली होती. अगदी त्यांच्यासारखी, पुरती. जगात दुसरं कोणी तसं थांबत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि तो बिचारा माणूस जन्मभर कोऱ्या सेलांना दोष देत गेला. त्याला हे कळलं नाही ते बरं झालं की वाईट, मला ठरवता येईना. अजूनही येत नाही. त्याला ते कळायला हवं होतं... निदान तिला सगळं येत होतं, एवढं तरी.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही सुचतच नव्हतं. पण बुधीला ते तसं वाटलं नसावं. तिनं मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी गप्प आहे याची खात्री करून घेतली, आणि म्हणाली, "एकशेवीस."

"बरोबर," मी म्हटलं.